पासिंग २०३२ पर्यंत आहे, पण गाडी तपासली कोणी?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी तासगावात शिवणकाम करते. धाकट्या मुलाला कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली आहे. शिफ्टच्या वेळा आणि एसटीच्या वेळा जमत नाहीत, म्हणून त्याला जुनी मोटारसायकल घेऊन द्यायचं ठरवलं. सांगलीतल्या एका एजंटकडे पल्सर १५० बघितली. जुलै २०१७ ची, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, मीटरवर ३१ हजार किलोमीटर. ५२ हजार सांगतो, ४८ ला सोडतो म्हणतो. आरसी, पीयूसी आणि इन्शुरन्सच्या झेरॉक्स दिल्या आहेत. त्याचं म्हणणं, "पासिंग २०३२ पर्यंत आहे, पीयूसी कालच काढलीय, इन्शुरन्स चालू आहे. सगळीकडून तपासलेली गाडी आहे." दोन हजार टोकन मागतोय. शेजारचा एक मुलगा इंग्लंडमध्ये शिकतो. तो म्हणाला, तिकडे गाडीचा नंबर टाकला की आजवरच्या सगळ्या तपासण्या दिसतात. आपल्याकडे ते कुठं बघायचं? भिशीचे पैसे आहेत, एकदाच खर्च करता येतील.

— एक आई, तासगाव

उत्तर

ताई, आधी तातडीचं सांगतो. टोकन देऊ नका. दोन हजार एकदा दिले की माणसाचं लक्ष गाडीवरून उडतं आणि दिलेले पैसे बुडू नयेत इकडे लागतं. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं. २०१७ च्या पल्सर सांगली-मिरजेत पुष्कळ विकायला असतात. ही हातची गेली तर पुढच्या महिन्यात दुसरी मिळेल, भिशीचे पैसे मात्र इतक्या लवकर पुन्हा जमणार नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. शेजारच्या मुलाने सांगितलं ते खरं आहे. ब्रिटनमध्ये मोटारसायकल तीन वर्षांची झाली की तिची दरवर्षी तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळं बघतात, आणि पास की नापास, कशात नापास, कशाकडे लवकर लक्ष द्यायला हवं, त्या दिवशी मीटरवर आकडा किती होता, हे सगळं नोंदवतात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या २००५ पासूनच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट दिसतात. आपल्याकडे खासगी दुचाकीसाठी अशी सोय नाही. कारण नोंद ठेवायला आधी तपासणी व्हावी लागते, आणि ती इथे होतच नाही.

एजंट ज्याला 'पासिंग २०३२ पर्यंत' म्हणतो ती आरसीची, म्हणजे नोंदणीची मुदत आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. जुलै २०१७ मध्ये पंधरा मिळवा, जुलै २०३२ येतं. हा निव्वळ कॅलेंडरचा हिशेब आहे. तीच गाडी उद्या पुलावरून खाली पडली तरी आरसीवर २०३२ च राहील. ट्रक, रिक्षा, टॅक्सी यांना ठरावीक मुदतीने फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. तुमच्या मुलासाठी बघितलेल्या गाडीला मात्र आरटीओचा निरीक्षक पुन्हा बघेल तो १५ वर्षं पुरी झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करताना, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. मधल्या काळात तिचे ब्रेक लागतात की नाही हे कोणत्याही सरकारी खात्याने बघितलेलं नाही.

पीयूसीचंही तसंच. ती तपासणी खरीच असते, पण फक्त धुराची. गाडी जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन किती निघतं ते मोजतात. चेसिस वाकलेली असेल, टायर गुळगुळीत झाला असेल, पुढचा शॉकअप तेल गाळत असेल, तरी पीयूसी मिळते. शिवाय ही गाडी बीएस-४ या धुराच्या मानकाची आहे, आणि तशा गाडीची पीयूसी वर्षभर चालते. मग ती 'कालच काढलीय' याचा अर्थ बहुधा इतकाच की आधीची संपून गेली होती आणि विकण्यासाठी नवी काढली. तरीही हा कागद टाकून देऊ नका. हल्लीच्या पीयूसीवर नंबरप्लेटसकट गाडीचा फोटो असतो. फोटोतली गाडी हीच आहे का ते बघा. जुनी एखादी पीयूसी मिळाली तर दोन्हींवरचे आकडे शेजारी ठेवून फिटरला दाखवा. हायड्रोकार्बन बरंच वाढलेलं दिसलं तर इंजिन बघताना तो जास्त बारकाईने बघेल.

तर आपल्याकडे गाडीचा इतिहास एका जागी मिळत नाही. तो चार-पाच ठिकाणी विखुरलेला असतो आणि घेणाऱ्यालाच तो गोळा करावा लागतो. दोन दिवसांचं काम आहे, फार खर्चाचं नाही. कुठून काय मिळतं ते सांगतो.

सुरुवात मालकापासून करा. एजंटपासून नव्हे. आरसीच्या झेरॉक्सवर मालकाचं नाव आहे, आणि तो कितवा मालक हेही नोंदवलेलं असतं, ओनर सिरियल म्हणून. तो आकडा बघा. परिवहन विभागाच्या वाहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर मुलाच्या मोबाइल नंबरवरून लॉगिन करून गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसेल, पण नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहेत, कोणत्या बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, आरसी चालू आहे की रद्द किंवा काळ्या यादीत आहे, हे कळतं. झेरॉक्सवर एक आणि तिथे दुसरंच दिसलं तर पुढे जाऊच नका. बोजा दिसत असेल तर 'कर्ज कधीच फिटलंय' हे तोंडी ऐकून घेऊ नका. बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय कर्ज फिटलं असं धरू नका.

मग एजंटला सांगा, मालकाशी बोलायचं आहे. इथेच पुष्कळ एजंट टाळाटाळ करतात. मालक पुण्याला असतो, दुबईला असतो, फोन उचलत नाही. जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि ताब्यात आलेल्या प्रत्येक गाडीची खबर आरटीओला द्यायची, असा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. एजंटकडे ते अधिकारपत्र असेल आणि या गाडीची खबर, म्हणजे फॉर्म २९ सी, त्याने भरली असेल, तर कागदोपत्री जबाबदारी त्याची आहे आणि तो तुम्हाला ते दाखवू शकतो. अधिकारपत्रही नाही आणि मालकाशी गाठही घालून देत नाही, असं असेल तर तुम्ही नेमकी कोणाकडून गाडी घेताय? मी अशा ठिकाणी थांबलो नसतो.

मालक भेटला की त्याच्याकडून दोन गोष्टी मागायच्या. सर्व्हिसिंगची हिस्टरी आणि जुन्या विमा पॉलिसी. माझ्या मते या दोन गोष्टींत गाडीचं निम्म्याहून जास्त आयुष्य वाचता येतं.

आधी सर्व्हिसिंग. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी गेली की जॉब कार्ड निघतं. त्यावर तारीख, मीटरचा आकडा, मालकाची तक्रार आणि बदललेले पार्ट असतात. ही नोंद गाडीच्या नंबरवर आणि चेसिस नंबरवर संगणकात राहते. मालकाने स्वतः जाऊन किंवा फोन करून मागितली तर सहसा देतात, तुम्ही-आम्ही परके गेलो तर बहुधा देत नाहीत. म्हणून मालक हवा. ती यादी हातात आली की फक्त तारखा आणि किलोमीटर एका कागदावर खाली खाली लिहून काढा. समजा २०१९ ला १४ हजार, २०२१ ला २६ हजार, २०२३ ला ४३ हजार अशी नोंद निघाली आणि आज मीटर ३१ हजार दाखवतंय, तर व्यवहार तिथेच संपला. या पल्सरचा मीटर डिजिटल आहे. अख्खा मीटर बदलता येतो, आकडाही मागे घेता येतो. ३१ हजार म्हणजे या आठ वर्षांत दिवसाला जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. अशक्य नाही. घराजवळ दुकान असलेल्या माणसाची गाडी इतकीच चालते. पण कोल्हापुरात कोणी रोज कामावर जायला ही गाडी वापरली असेल तर हा आकडा मला कमी वाटतो, आणि म्हणून तो जॉब कार्डाने सिद्ध व्हायला हवा.

फुकट सर्व्हिसिंग संपल्यावर बहुतेक लोक अधिकृत सेंटर सोडून ओळखीच्या फिटरकडे जातात. त्यामुळे २०१८-१९ नंतर नोंदच नाही असं निघू शकतं. तेवढ्यावरून माणसाला खोटं ठरवू नका. 'मग सर्व्हिसिंग कुठे करत होता?' एवढं विचारा आणि फिटरचा नंबर घ्या. ज्याने गाडी खरोखर सांभाळली त्याला फिटरचं नाव, गॅरेजची जागा, शेवटचं ऑइल कधी बदललं, सगळं तोंडपाठ असतं. फिटरला फोन करून विचारा, इंजिन कधी उघडलं होतं का, बोअर-पिस्टन झालंय का, क्लच प्लेट कधी टाकल्या. फिटर लोक बहुतेक सरळ सांगतात. स्वतःच्या हाताखालून गेलेल्या गाडीबद्दल लपवण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नसतं.

आता विमा, आणि हा भाग जरा सावकाश वाचा, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. 'इन्शुरन्स चालू आहे' एवढ्याने काही कळत नाही. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर ती दुसऱ्याच्या नुकसानीपुरती असते आणि गाडीबद्दल काहीच बोलत नाही. पण ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान, धरून फुल पॉलिसी असेल तर तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, छापलेला असतो. वर्षभर क्लेम नाही घेतला की पुढच्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्य. म्हणजे ओळीने चार-पाच वर्षांच्या पॉलिसी समोर ठेवल्या की गाडीला कधी मोठा मार बसला ते वर्ष आपोआप दिसतं. २०१८ ला २०, २०१९ ला २५ आणि २०२० ला एकदम शून्य असेल, तर मधल्या वर्षात काहीतरी झालं आहे. काय झालं ते मालकाला विचारा, दुरुस्तीचं बिल मागा.

शून्य म्हणजे लगेच अपघात असं मात्र धरू नका. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की नव्या मालकाची मोजणी शून्यापासून सुरू होते. पॉलिसी संपून ९० दिवसांच्या वर गेले तरी बोनस जातो. म्हणून आरसीवर मालक कधी बदलला ती तारीख आणि पॉलिसीवरचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. नाव बदललं नाही, पॉलिसीत खंड नाही आणि तरी शून्य, तर क्लेम झालाय असं समजा. क्लेम होणं वाईट नाही. हँडल, फूटरेस्ट आणि लेगगार्ड बदलल्याचं बिल दाखवलं तर मला ती गाडी चालेल. चेसिस आणि फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांचं, काम निघालं तर नको.

तुमच्या या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते, आणि ती तुम्ही तासगावात राहून माझ्यापेक्षा चांगली जाणता. कोल्हापूर पासिंगची २०१७ ची गाडी ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या, दोन्ही महापुरांतून गेलेली आहे. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पंचगंगेकाठीही तीच अवस्था होती. गल्लोगल्ली मोटारसायकली हँडलपर्यंत आणि त्याच्याही वर बुडल्या. माणसं छतावर होती, गाड्या कोण बघणार? पाणी ओसरल्यावर त्यातल्या कितीतरी नीट दुरुस्त झाल्या आणि आजही चालतात. पण काही नुसत्या धुऊन, ऑइल बदलून विकल्या गेल्या. विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला की गाडी पूर्ण नुकसानीत काढते, आणि अशा भंगारात गेलेल्या गाड्याही कोणीतरी जोडून रस्त्यावर आणतो.

म्हणून मालकाला सरळ विचारा, पुराच्या वेळी गाडी कुठे होती, घर कोणत्या भागात होतं. प्रश्न आगाऊ वाटेल, तरी विचारा. आपल्या भागात या प्रश्नाचं कोणालाही नवल वाटत नाही. मग जॉब कार्डांत आणि पॉलिसीत त्या दोन वर्षांचे ऑगस्ट-सप्टेंबर बघा. वायरिंग किट बदललं, इंजिन उघडलं, मीटर बदलला अशा नोंदी त्या महिन्यांत असतील तर उत्तर मिळालं. कागद नसतील तर गाडी स्वतः सांगते. पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याने सगळीकडून निघत नाही. हेडलाइटच्या आत, बॅटरीच्या खणात, सीट काढल्यावर खालच्या कोपऱ्यात, एअर फिल्टरच्या डब्यात तो वाळून राहतो. टाकीखालची वायरिंगची टेप थोडी सोडवायला सांगा आणि कपलर उघडून आत बघा. तांब्यावर हिरवट गंज चढला असेल तर ती वायरिंग पाण्यात मुरलेली आहे. अशी गाडी उन्हाळाभर छान चालते आणि पहिल्या पावसात रात्रीच्या शिफ्टहून येताना कवठे एकंदच्या आसपास बंद पडते. तुमच्या मुलाला नेमकी तीच वेळ आहे, म्हणून एवढं सांगतोय.

कागद झाले की प्रत्यक्ष गाडी. तासगावातला तुमच्या विश्वासाचा फिटर बरोबर न्या आणि त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, फुकट नेऊ नका. पैसे घेऊन आलेला माणूस तुमचा असतो. एजंटला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर इंजिनाला हात लावा. गार हवं. गरम असेल तर सकाळीच कोणीतरी ती चालू करून बसलंय, कारण थंड इंजिन सुरू होताना जे आवाज करतं आणि जो धूर सोडतं ते तुम्हाला दिसू नये. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, टायमिंग चेनचा खडखडाट आहे का, हे फिटर कानाने ओळखेल.

चेसिस नंबर हँडलच्या खाली, पुढच्या नळीवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. तो स्वतः टॉर्च लावून वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. बजाजच्या गाडीचा नंबर 'एमडी२' या अक्षरांनी सुरू होतो. आकड्यांच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा, नवा रंग, एखादा आकडा तिरका, असं काही दिसलं तर तिथून निघा. इंजिन नंबरही जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल तर नावावर करताना अडकाल.

टायरवर एका चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. यातून दोन गोष्टी कळतात. टायर २०१७ चेच असतील तर ३१ हजार पटण्यासारखे आहेत, पण आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ते लगेच बदलावं लागेल. उलट मागचा टायर आतापर्यंत दोन-तीनदा बदललेला असेल तर ३१ हजारांचा विचार पुन्हा करा. तसंच फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडल आणि किक बघा. पायाखाली रोज झिजणाऱ्या या वस्तू मीटरसारख्या मागे फिरवता येत नाहीत. त्या कोऱ्या करकरीत असतील तर बदलल्या आहेत, आणि का बदलल्या ते विचारा.

पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. मध्येच खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेला आहे, ते किरकोळ काम आहे. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ असेल तर ऑइल सील, तेही होऊन जाईल. पण मागून बघताना पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत दिसत नसेल, किंवा सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर फोर्क, टी (फोर्कच्या नळ्या धरणारा भाग) किंवा चेसिस वाकलेली आहे. तिथे भाव पाडून घ्यायच्या मोहात पडू नका. पाच हजार कमी केले म्हणून वाकलेली चेसिस सरळ होत नाही, आणि त्या गाडीवर तुमचा मुलगा बसणार आहे.

अजून एक चांगला उपाय आहे. मालक किंवा एजंट तयार असेल तर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन सगळ्या दुरुस्तीचं एस्टिमेट लिहून घ्या. थोडे पैसे लागतील. पण हातात कागद राहतो आणि त्यावर बोट ठेवून भाव करता येतो. नेऊ द्यायलाच नकार मिळाला, तर तोही निकालच समजा.

ई-चलन लोक फक्त दंड बाकी आहे का एवढ्यासाठी बघतात. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलनं दिसतात. मी तिथे तारीख, जागा आणि फोटो बघतो. 'घरगुती वापर, कोल्हापूर सोडून कधी गेली नाही' असं सांगितलेल्या गाडीचं चलन पुण्यात निघालं, तर बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळतं. बाकी दंड मालकाकडून भरून घ्या. चोरीची गाडी नाही ना, हे बघायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' सेवा आहे. तीही एकदा बघून घ्या.

हे सगळं जुळलं तर गाडी जरूर घ्या. पल्सर १५० दणकट गाडी आहे, पार्ट गावोगाव मिळतात, कोणताही फिटर ती उघडू शकतो. मुलासाठी तुमची निवड चुकीची नाही. फक्त ४८ हजारांतले सगळे गाडीवर घालू नका. आठ-दहा हजार टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक आणि बॅटरीसाठी बाजूला राहतील असाच भाव करा. हेल्मेटचे पैसे त्यातून नव्हे, वेगळे ठेवा.

पैसे देताना क्रम पाळा. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर होऊ द्या. आधीच सही करून ठेवलेले कोरे फॉर्म घेऊ नका. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मालक कंटाळा करत असेल तर त्याला सांगा की २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरलं. गाडी विकून झाली तरी अपघाताची भरपाई नोंदीत असलेल्या माणसाच्या गळ्यात पडली. हे ऐकल्यावर तोच नाव बदलायची घाई करेल. रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि काही भाग नाव बदलेपर्यंत मागे ठेवायचं लेखी ठरवा. गाडी नावावर झाली तरी नंबर एमएच-०९ च राहील, त्याची काळजी नको.

विम्यासाठी १४ दिवसांच्या आत मुलाच्या नावाने कंपनीला अर्ज करा. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं. ओन डॅमेजचं मात्र पॉलिसीवर नाव बदलल्याशिवाय मिळत नाही, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुमच्या मुलाला लागू होणार नाही, तेवढा फरक कंपनी भरून मागेल. तो खर्च भाव ठरवतानाच हिशेबात धरा.